कडूकाकांची जीभ

"काका, काल तुम्ही चावायला दिलेला तो तुकडा, तो मला नुसता चोथा लागला बघा," टेंपोवाला रिकामी पोती गोळा करता करता म्हणाला. "चव ना ढव."

कडूकाकांचा हात सुरीवरच थांबला. "म्हणजे? कडू नाही लागला?"

"कसला कडू लागतोय! दाढ ठणकत होती. बायकोनं लवंगेच्या तेलाचा बोळा कोंबून दिला होता. अख्खं तोंड बधिर. त्या वेळी तुम्ही मला विंचू चावायला दिला असतात ना, तरी म्हटलं असतं, छान आहे, अजून एक द्या."

टेंपोवाला स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला, पोती खांद्यावर टाकली आणि गेला. त्याची दाढ आता शांत झाली होती. पण त्या क्षणापासून कडूकाकांच्या छातीत काहीतरी ठणकायला लागलं.

का, ते कळायला हे कडूकाका कोण ते आधी ऐकलं पाहिजे.

वस्तीच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला एक जुनी औषधशाळा होती. पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला कुटायची जागा, मध्ये भिजत घालायच्या टाक्या, पलीकडे चुली, आणि रस्त्याकडच्या खोलीत वैद्यबाई रोगी तपासत. इथला निम्मा कारभार एका वेलीच्या जिवावर चाले. वेल म्हणजे गुळवेल. लोक एकच नाव घेतात, पण एखाद्या घरात एका चेहऱ्याच्या तिघी बहिणी असाव्यात तशा या वेलीही तीन. शेडमधले लोक त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरलीची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटणारी आणि पान गुळगुळीत. मधलीच्या पानावर लव. धाकटीच्या खोडावर मात्र अंगभर गाठी, चामखिळींसारख्या. थोरली औषधाची. मधली अडीनडीला चालवून घेण्यासारखी. धाकटीला या शेडमध्ये पाऊल ठेवायची मनाई होती. ती फार जहाल. ज्याचं यकृत आधीच दुखावलेलं आहे त्याच्या पोटात ती जाता कामा नये, असं वैद्यबाईंचे वडील बजावून गेले होते.

सालीसकट आलेली वेल कोणीही नुसता हात फिरवून ओळखेल. पण साल खरवडली आणि तुकडे केले की तिघी बहिणी सारख्याच. आडवा काप घेतला तर तिघींच्या पोटात तेच चाक, त्याच आऱ्या. मग निवाडा जिभेचा. थोरलीचा कडवटपणा शहाण्या पाहुण्यासारखा. येतो, बसतो, पाणी प्यायला की उठून जातो. धाकटीचा आला की थेट आतल्या खोलीत अंथरूण घालतो, आणि संध्याकाळ झाली तरी जायचं नाव काढत नाही.

हा निवाडा करण्यात कडूकाकांची हयात गेली. त्यांचं खरं नाव काय ते पगार देणाऱ्यालाच आठवत असेल. दिवसभर कडू चघळणारा म्हणून कडूकाका. बाकी माणूस इतका गोड की भांडायला आलेला चहा पिऊन जायचा. नवी वेल आली की शेडमध्ये एक रीत होती. कुटणाऱ्या बायका मुसळं उभी धरून थांबत. काका दाराजवळच्या स्टुलावर बसत, लहान सुरीने काप काढत, तोंडात टाकत आणि डोळे मिटत. सगळी शेड चिडीचूप. मग काका चूळ भरत आणि म्हणत, "थोरली आहे. घ्या आत." त्यासरशी मुसळं पडायला लागत. देवळात घंटा वाजल्यावर जसं सगळं हलायला लागतं, तसं.

थंडीच्या दिवसांत काकांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना जिभेवरचं सगळं झाडून-पुसून घेऊन गेला. मीठ नाही, साखर नाही, कडू तर नाहीच. आठवडा गेला, महिना गेला. काका देवापुढे उभे राहून मनात भांडायचे, "अरे, कंबर तुला दिली, गुडघे दिले, डोळ्यांतलं निम्मं तेज दिलं. एक जीभ तेवढी कामावर ठेवली होती, तीच रजेवर नेलीस?" देव काही बोलत नव्हता. काकाही कोणाला काही बोलले नाहीत.

वेल सालीसकटच येत होती, म्हणून निभावलं. डोळे आणि बोटं ओळखत होती, तोंड नुसतं नाटक करत होतं. पण वेल आणून देणारा जुना माणूस लेकीकडे राहायला गेला. नव्या माणसाने काल वेल पाठवली ती साल खरवडून, तुकडे करून, स्वच्छ. त्याला वाटलं, आपण उपकारच केले.

तेव्हा काकांनी एक शक्कल लढवली. टेंपोवाल्याच्या हातात तुकडा दिला. "घे, चाव जरा, उन्हातून आलायस." आणि त्याचं तोंड न्याहाळत राहिले. धाकटी असती तर गडी थयथयाट करत नळाकडे पळाला असता. त्याने नुसतं चावलं, थुंकलं, आणि टेंपोची दोरी सोडायला लागला. काकांनी आपल्या तोंडातला काप थुंकला, चूळ भरली आणि म्हणाले, "थोरली आहे. घ्या आत."

मुसळं पडली. वेल कुटली गेली, रात्रभर भिजली आणि आज सकाळी चुलीवर चढली.

आणि आता कळत होतं की काकांनी कौल घेतला तो बधिर तोंडाचा.

काका स्टुलावरून उठले. टाकीपाशी गेले. टाकीपासून चुलीपाशी, चुलीपासून पुन्हा स्टुलापाशी. कालच्या ढिगातला एक उरलेला तुकडा कोपऱ्यात पडला होता, त्याचा काप काढून त्यांनी दाताखाली धरला. चावला, घोळवला, जिभेच्या मुळाशी नेला. तोंडात ओला दोरा असावा तसं वाटलं. दुसरं काही नाही.

"काका, आज पायाला भिंगरी लागलीय का?" कुटणारी ओरडली. बायका चौघी होत्या, पण कुटणारी म्हटलं की हीच. आवाज मुसळापेक्षा मोठा, आणि चेहरा म्हणजे उघडं दुकान. काय आलं, काय संपलं, रस्त्यावरून दिसावं. दुपारी पत्ते खेळताना हिच्या हातात राणी आली की समोरचीला लगेच कळायचं. त्यामुळे हिला कोणी भिडू घेत नसे. "बसा ना एका जागी! मला बघूनच गरगरायला लागलं."

"पाय आखडलेत गं."

"पाय आखडले म्हणून तोंड का पाडलंय?"

काका काही बोलणार तेवढ्यात वैद्यबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. वडिलांच्या मागे शेड सांभाळताना केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांनी मोठ्या पातेल्यात डोकावलं.

"काका, नव्या माणसाची वेल चांगली निघाली ना? साल काढून पाठवली म्हणे."

जिभेवर खरं आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण मागे चारही मुसळं क्षणभर थांबली, चार चेहरे इकडे वळले.

"हो," काका म्हणाले.

"बरं झालं. शिंपीकाकांना आजपासून काढा सुरू करायचाय. कावीळ उतरली, पण यकृत अजून नाजूक आहे. काही उलटसुलट गेलं तर मला पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल." आणि त्या गेल्या.

शिंपी म्हणजे काकांचा लहानपणापासूनचा मित्र. काल निदान एक कारण होतं, फसगत झाली म्हणायला जागा होती. आजच्या 'हो'ला कसलीच जागा नव्हती. पातेल्यात काढा रटरटत होता आणि प्रत्येक बुडबुडा काकांना विचारत होता, मी कोण? थोरली की धाकटी?

जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच काका निघाले. खिशात तो उरलेला तुकडा.

घरी रेडिओवर एक बुवा गात गात देवाची गोष्ट सांगत होते आणि काकू ताल धरून भाजी चिरत होत्या. काकांनी आल्या आल्या रेडिओ बंद केला.

"अहो! ऐन रंगात आले होते ते! देव दारात उभा राहिलाय आणि तुम्ही दार लावलंत."

"इकडे ये. मागच्या दारी ये."

मागच्या दारी, मोरीच्या वरच्या खिळ्याला काकांनी पूर्वी कधीतरी थोरलीचा हातभर तुकडा सहज टांगून ठेवला होता. माती नाही, पाणी नाही. या वेलीचं कौतुक असं की कापून टांगली तरी मरत नाही. तुकड्यातून एक हिरवट दोरा निघाला, हवेतून खाली खाली येत जमिनीला लागला आणि वेल पुन्हा जगायला लागली. आता कौलांपर्यंत गेली होती. काकांनी तिचा काप काढून काकूंपुढे धरला.

"चाव."

"मी? का? मला कुठे काय झालंय?"

"चाव म्हणतो ना. गिळू नकोस."

काकूंनी चावलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! कडू."

"चूळ भर. गेलं?"

"गेलं."

"आता हा." काकांनी खिशातल्या तुकड्याचा काप पुढे केला.

काकूंनी चावलं. एक क्षण काही नाही. मग डोळे मोठे झाले, खांदे वर गेले आणि त्या मोरीकडे धावल्या. एक चूळ, दुसरी, तिसरी. "अहो, हे काय दिलंत मला! जातच नाही की हो! घशात जाऊन बसलंय!" त्यांनी साखरेचा डबा उघडून बकाणा भरला. "अजून आहे! साखरेच्या खालून वर येतंय!"

काका पायरीवर बसले. "धाकटी आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

काकू पदराने तोंड पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "म्हणजे अजून परत आली नाही तर."

"काय?"

"तुमची चव. मला काय वेडी समजता? त्या दिवशी दूध फाटलं होतं, त्याचा चहा चुकून तुमच्या कपात गेला. तुम्ही प्यायलात, वर म्हणालात, 'आज फक्कड झालाय.' तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

काकांनी सगळं सांगितलं: टेंपोवाला, लवंगेचं तेल, पातेलं, शिंपी. सांगताना दोनदा उठले, दोनदा बसले. काकू ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग कारस्थान सांगितलं.

"पातेलं ओट्याच्या कडेला असतं ना? जा, धक्का लागला म्हणा. सांडलं म्हणा. म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, त्यात काय! काढा मोरीत जाईल, शिंपी वाचेल, तुमचीही मूठ झाकलेली राहील. नव्या माणसाला सालीसकट पाठव म्हणावं. झालं!"

काका तिच्याकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात हिने शेजारणीची वाटी सुद्धा परत करताना रिकामी दिली नव्हती. ती आज नवऱ्यासाठी खोटं रचून देत होती, आणि तेही इतकं बिनचूक.

"जेवून जा," काकू म्हणाल्या.

"नको. काय जेवतो, कळतंय कुठे."

परत येताना काकांनी तो धक्का मनात कितीदा तरी दिला. कोपर असं लागेल, पातेलं असं कलंडेल, आपण 'अरे अरे' म्हणू. 'अरे अरे' त्यांनी रस्त्यात हळूच म्हणूनही बघितलं. बाजूने जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं. पातेलं चुलीवरून उतरवून ओट्यावर ठेवलेलं होतं, अगदी कडेला. देवाने जणू सोयच करून ठेवली होती. की परीक्षा? अशा वेळी माणसाला दोन्ही सारखंच दिसतं.

काका ओट्याशी गेले. कोपर उचललं.

"काका, सरका, भाजेल!" कुटणारी गाळणं आणि बाटल्या घेऊन आली. "आणि हो, शिंपीकाका येऊन गेले. पहिली बाटली त्यांचीच भरली. भारी माणूस! विचारतो, 'माझ्या दोस्तानं चाखलंय ना?' मी म्हटलं, मुसळं चाललीत म्हणजे चाखलंयच की. खूश होऊन गेले."

कोपर खाली आलं. पातेलं कलंडून आता काय होणार होतं? बाटली रस्त्याने चालत गेली होती.

"दुसरी बाटली भरू नकोस," काका म्हणाले.

"का?"

"मी येईपर्यंत भरू नकोस. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

"काका, झालंय काय?"

पण काका निघाले होते. त्या वयाच्या माणसाच्या धावण्याला धावणं म्हणत नाहीत. एक पाय पुढे पळतो आणि दुसरा त्याची समजूत काढत मागून येतो. सायकल दुरुस्तीचं दुकान गेलं, पिठाची गिरणी गेली. गिरणीवाल्याने "काय हो, आग लागली काय?" म्हणून विचारलं, त्याला काकांनी नुसता हात केला. तोंडात नाम चालू होतं. रोज ते नाम तालात असायचं, आज ते पावलांसारखंच अडखळत होतं.

शिंप्याचं दुकान म्हणजे दोन मशिनं आणि एक खिडकी. खिडकीत बाटली होती. बाटलीशेजारी पेला आणि पेल्यात काळपट काढा ओतलेला. पेला भरलेला होता. काकांनी दाराची चौकट धरली आणि श्वास घेतला.

"ये, ये!" शिंपी मशीन चालवतच म्हणाला. चेहरा अजून फिकट, हाताची हाडं दिसत होती. "एवढी शिवण संपवतो आणि घेतो. कडू तोंडानं शिवलं की शिवण वाकडी जाते माझी."

"घेऊ नकोस. बाटली बदलायचीय."

"का रे?"

"झाकण... झाकण गळतंय तिचं."

शिंप्याने मशीन थांबवलं, खिडकीतली बाटली उचलली आणि उलटी धरली. दोघेही झाकणाकडे बघत राहिले. थेंब पडला नाही.

"नाही गळत," शिंपी म्हणाला. "तूच गळतोयस. घाम बघ केवढा आलाय. बस."

काका बसले नाहीत. बसले असते तर पुन्हा उठायला आणि खोटं बोलायला वेळ मिळाला असता.

"मला चव लागत नाही," ते म्हणाले. "तापापासून. काहीच लागत नाही. ही वेल मी चाखली नाही, चाखल्याचं सोंग केलं. धाकटी आहे ती. हे प्यायला असतास तर..."

शिंप्याने पेल्याकडे पाहिलं, मग मित्राकडे.

"तापापासून?" शिंपी सावकाश म्हणाला. "म्हणजे माझं दुखणं सुरू व्हायच्या आधी तू आमच्याकडे जेवायला आला होतास, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"दोनदा भाजी मागून घेतलीस. सुनेला म्हणालास, पोरी, तुझ्या हाताला चव आहे."

"हो."

"अरे, मीठच नव्हतं त्या भाजीत! विसरली होती ती. आम्ही सगळे खाली माना घालून गिळत होतो. तू गेल्यावर ती रडली माहितेय? म्हणाली, असा भला माणूस मी पाहिला नाही, मला वाईट वाटू नये म्हणून दोनदा मागून घेतली." शिंप्याला हसू फुटलं. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं. काकाही हसले, आणि हसता हसता खांबाला टेकले.

हसू ओसरल्यावर शिंप्याने पेल्यातला काढा परत बाटलीत ओतला. एकही थेंब न सांडता, नाजूक कापड हाताळावं तसा. झाकण लावलं आणि बाटली काकांच्या हातात दिली.

"बाईंना सांगणार?"

"सांगतो."

"काढतील तुला."

"काढतील."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तू ती शिवण पुरी कर."

रस्ता तोच होता, पण आता काका पळत नव्हते. वैद्यबाईंच्या खोलीत एक बाई मूल घेऊन बसली होती. काका दारात उभे राहिले, बाटली छातीशी धरून. मूल तपासून झालं, पुड्या दिल्या, बाई गेली. मग काकांनी बाटली टेबलावर ठेवली आणि जे शिंप्याला सांगितलं तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

वैद्यबाई उठल्या, शेडमध्ये गेल्या. त्यांचा आवाज ऐकू आला, "पातेलं मागच्या खड्ड्यात ओता. टाकीही. सगळं." परत आल्या तेव्हा ओठ पांढरे झाले होते.

"आधीच्या वेली?"

"सालीसकट होत्या. त्या मी डोळ्यांनी, बोटांनी ओळखल्यात. त्यांत खोट नाही."

"हे मी कशाच्या भरवशावर खरं मानू, काका?"

हा प्रश्न यायचाच, हे काकांना ठाऊक होतं.

"बाबा गेले तेव्हा मला निम्मी औषधं धड येत नव्हती," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्टुलावर डोळे मिटून बसायचात, आणि मला वाटायचं, अजून घरात कोणीतरी मोठं आहे. आणि तुम्ही सकाळी माझ्या तोंडावर 'हो' म्हणालात." त्यांनी टेबलावर बोट टेकवलं. "सुरी ठेवा इथे."

काकांनी कमरेची लहान सुरी काढली. पातं धोतराच्या सोग्याला पुसलं आणि मूठ त्यांच्याकडे करून टेबलावर ठेवली.

"मी शिंपीकाकांना बघून येते."

"त्याने घेतलं नाही, बाई."

"तरी बघून येते." त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "उद्यापासून वेल मीच चाखीन."

"तुमच्या तोंडात दिवसभर पन्नास औषधं असतात," काका खाली बघत म्हणाले. "जीभ ताजी लागते. कुटणारीला द्या."

"तिला? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"म्हणूनच, बाई. तिला लपवता येत नाही. मनात धरलं तरी चेहरा सांगून टाकतो." काका थांबले. "या कामाला तसंच माणूस पाहिजे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागातच पाहिलं, पण पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ. मग छत्री घेऊन त्या उन्हात निघून गेल्या.

संध्याकाळी काकूंनी दार उघडताच विचारलं, "सांडलंत?"

"नाही. सांगितलं."

काकूंनी पाणी दिलं, पान वाढलं. मग म्हणाल्या, "मग आता घरीही ते 'छान झालंय, छान झालंय' बंद करा. मीठ आहे की नाही ते मी सांगत जाईन." आणि त्यांनी रेडिओ लावला. बुवांची गोष्ट केव्हाच संपली होती, नुसती पेटी वाजत होती. दोघे ती ऐकत जेवले.

पुढची वेल आली ती निम्मी सालीसकट, निम्मी खरवडलेली; बाईंनी मुद्दाम तशी मागवली होती. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला होता, एका ओळीचा: शिकवायला या. पुढे काय, ते त्यात नव्हतं. काका आले. स्टुलावर कुटणारी बसली होती, हात मांडीखाली दाबून, परीक्षेला बसल्यासारखी. काका शेजारी उभे राहिले. बाई आपल्या खोलीच्या दारात.

मुसळं थांबली. सवयीने सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. काकांनी आपली नजर कुटणारीकडे नेली, तशा त्या सगळ्या नजरा हळूहळू तिच्यावर गेल्या.

"बारीक काप घे. पुढच्या दातांनी चाव. गिळायचं नाही. आता मागे ने, जिभेच्या मुळाशी. थांब. घाई करू नकोस. त्याला येऊ दे."

"आलं!" कुटणारी दात आवळून म्हणाली.

"बोलू नकोस. बघ, बसतंय की उठतंय."

तिच्या कपाळावर आठी चढली. नाक आक्रसलं, डाव्या गालाची एक शीर उडाली, ओठ खाली ओढले गेले. सगळा कडवटपणा त्या चेहऱ्यावर चढताना दिसत होता. मग आठी सैल झाली, नाक जागेवर आलं, आणि गाल शांत झाला.

काकांना कळलं. तिच्या आधी कळलं. तोंडात शब्द तयार होता, वर्षानुवर्षांचा. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

कुटणारीने तुकडा थुंकला. काकांनी पेला पुढे केला. तिने चूळ भरली, एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"थोरली आहे," ती म्हणाली. आवाज तिच्या मानाने फारच लहान निघाला. मग तिने घसा साफ केला. "थोरली आहे! घ्या आत!"

मुसळं पडायला लागली. शेडचे पत्रे थरथरले.

पेल्यात अजून पाणी उरलं होतं. तिने तो काकांच्या हातात परत दिला. काका दाराशी गेले, पाणी तोंडात घेतलं आणि रोजच्यासारखी सावकाश चूळ भरली, आधी या गालात, मग त्या गालात. आणि बाहेर पायरीच्या कडेला, रोजच्याच जागी, टाकली.